शेंगेन व्हिसा: अर्जापासून विमानतळापर्यंत या चुका टाळा

युरोपच्या व्हिसाला नकार आला की पहिली शंका येते ती 'एखादा कागद राहिला असेल' अशी. बऱ्याचदा कागद सगळे असतात, पण ते एकमेकांशी भांडत असतात. विम्यावर एक तारीख, रजेच्या पत्रावर दुसरी. हॉटेल इटलीत जास्त रात्री, अर्ज मात्र स्वित्झर्लंडकडे. पासपोर्टवर माहेरचे आडनाव, बँकेत सासरचे. फाइल तपासणारा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यासमोर ही कागदांची चळत असते आणि तिच्यातून एकच सुसंगत सहल दिसते का, एवढेच तो बघतो.

अर्ज कोणत्या देशाकडे?

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट. त्यात आज २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. व्हिसा एकच असला तरी अर्ज कुठल्याही देशाकडे करता येत नाही. जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे करायचा. पॅरिस ३ रात्री, स्वित्झर्लंड ५, इटली ४ असा बेत असेल तर विमान पॅरिसला उतरत असले तरी अर्ज स्वित्झर्लंडकडे. मुक्काम सारखेच असतील, समजा फ्रान्स ४ आणि इटली ४, आणि विमान रोमला उतरत असेल, तर इटलीकडे.

इथे घोटाळा होतो तो असा. सुरुवातीला बेत बरोबर असतो. मग इंटरलाकेनची हॉटेले महाग वाटतात, तिथल्या दोन रात्री कमी करून व्हेनिसला लावल्या जातात, आणि फॉर्म मात्र स्वित्झर्लंडचाच राहतो. दुसरा प्रकार जाणूनबुजून केलेला: हव्या त्या देशाची अपॉइंटमेंट मिळत नाही, म्हणून ज्याची मिळते त्याच्याकडे अर्ज करायचा आणि कागदावर तिथल्या रात्री फुगवायच्या. काही एजंट हे खुशाल सुचवतात. व्हिसा मिळाला आणि प्रत्यक्षात त्या देशात पाऊलच ठेवले नाही, तर सीमेवरच्या चौकशीत किंवा पुढच्या अर्जात हे निघू शकते.

आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात आहेत पण शेंगेनमध्ये नाहीत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वेचे बरोबर उलट. ब्रिटन दोन्हीत नाही.

वेळेचे गणित

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण नियमाप्रमाणे ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. मेच्या सुट्टीत जायचे असेल तर नोव्हेंबरपासून अर्ज करता येतो. मार्चमध्ये जागे झाले तर अपॉइंटमेंटसाठीच रडारड होते. या काळात पासपोर्ट दूतावासाकडे असतो, त्यामुळे मध्येच दुबई किंवा थायलंडची ट्रिप ठरवू नका.

पासपोर्ट शेंगेनमधून परतण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा आणि त्यात २ पाने कोरी हवीत. मोठ्यांच्या बाबतीत हे सहसा बघितले जाते. हुकते ते मुलांचे. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो, आणि 'परवाच तर काढला' असे वाटत असताना तो संपत आलेला असतो.

फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, ६ वर्षांखालील मुलांना माफ. दूतावासाच्या वतीने अर्ज घेणाऱ्या सेवाकेंद्राचे पैसे वेगळे. नकार आला तरी फी परत मिळत नाही.

बँक खाते: सर्वात जास्त इथे अडते

समजा खात्यात वर्षभर साठ-सत्तर हजार शिल्लक असते. दोघांच्या सहलीचा खर्च पाच लाख. अर्जाच्या आठ दिवस आधी खात्यात एकदम सहा लाख येतात. शेवटची शिल्लक भरघोस दिसते, पण अधिकारी शिल्लक बघत नाही, नोंदी बघतो. हे पैसे कुणाचे, आणि व्हिसा मिळाल्यावर परत तर जाणार नाहीत ना? रोख भरलेली रक्कम असेल तर संशय दुप्पट.

पैसे खरेच तुमचे असतील तर त्यांचा माग दाखवा. एफडी मोडली असेल तर ती बंद केल्याची बँकेची पावती जोडा. वडिलांनी दिले असतील तर त्यांचे सहीचे पत्र, त्यांच्या खात्याचे स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा. मुळात एफडी मोडायची गरजच नसते. ती तशीच ठेवून बँकेकडून तिचे प्रमाणपत्र घेतले तर जास्त बरे दिसते, कारण परत येण्यासारखे काही मागे आहे हेही त्यातून कळते.

स्टेटमेंट देशागणिक शेवटच्या ३ किंवा ६ महिन्यांचे मागतात. नेटबँकिंगवरून छापलेली पाने तशीच देऊ नका. शाखेत जाऊन प्रत्येक पानावर शिक्का आणि सही घ्या. सोबत आयकर विवरणपत्रे आणि नोकरदारांच्या पगाराच्या स्लिपा. स्लिपवरचा पगार आणि खात्यात पडणारा पगार जुळायला हवा. काही रक्कम दुसऱ्या खात्यात जात असेल तर त्याही खात्याचे स्टेटमेंट द्या.

शेतकरी कुटुंबांची अडचण निराळी. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून विवरणपत्र भरलेले नसते, आणि पैसा वर्षातून दोन-तीनदाच येतो. अशा वेळी सातबारा, कारखान्याचे उसाचे बिल, बाजार समितीतल्या अडत्याच्या पट्ट्या आणि त्या रकमा खात्यात जमा झाल्याच्या नोंदी एकत्र लावायच्या. सातबारा मराठीत असतो हे आपण विसरतो. त्याचे इंग्रजी भाषांतर नसेल तर दूतावासातल्या माणसाला तो कागद असून नसल्यासारखाच. दुकानदाराने शॉप ॲक्टचा परवाना आणि जीएसटीचे दाखले जोडावेत, निवृत्तांनी पेन्शनचा आदेश आणि पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचे स्टेटमेंट.

रजेचे पत्र हा छोटा पण घातक कागद. सहल १० ते २१ मे आणि रजा १९ पर्यंतच मंजूर, असे सर्रास होते. विमान नंतर बदलले जाते, पत्र मात्र जुनेच राहते. पत्रात हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, पगार, रजेच्या नेमक्या तारखा आणि सही करणाऱ्याचा फोन हवा. त्या नंबरवर दूतावासातून फोन येऊ शकतो. उचलणाऱ्याने 'अशा नावाचं कुणी नाही' म्हणू नये, यासाठी ऑफिसात आधी सांगून ठेवा.

नाव

आपल्याकडे पासपोर्टवर 'दिलेले नाव' या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते, आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकीट काढताना पहिल्या रकान्यात फक्त 'स्नेहल' लिहायचे की 'स्नेहल प्रशांत'? पासपोर्टवर जे आहे ते पूर्ण. विमान कंपनीच्या तिकिटावर ते कधी जोडून 'स्नेहलप्रशांत' असे छापले जाते, त्याला घाबरायचे कारण नाही. अक्षरे तीच आणि क्रम तोच असला की झाले.

लग्नानंतर नाव बदललेल्यांनी एकच नियम पाळावा: प्रवासाचा प्रत्येक कागद, म्हणजे तिकीट, हॉटेल, विमा, अर्ज, पासपोर्टवरच्या नावाने. बँक आणि पॅन दुसऱ्या नावाने असतील तर विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र जोडायचे. पासपोर्ट तसाही नवा करायचा असेल तर व्हिसाच्या आधी करा, मध्ये नको.

मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जात असेल तर न येणाऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतीपत्र आणि जन्मदाखला लागतो. अर्जावर पालकांच्या सह्या.

विमा, फोटो, ठसे

विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांना लागू, आणि आजारपणात मायदेशी परत आणण्याचा खर्च धरणारा हवा. जाण्यायेण्याचे दोन्ही दिवस त्यात मोजा. मध्यरात्री पाऊणला सुटणारे विमान पुढच्या तारखेचे असते, आणि विमा नेमका त्या एका दिवसाने चुकतो.

फोटो ३५ × ४५ मिलिमीटरचा, गेल्या ६ महिन्यांतला. जुन्या व्हिसावर छापलेलाच फोटो पुन्हा दिला तर तो जुना आहे हे त्याच पासपोर्टात दिसते.

बोटांचे ठसे दिल्यापासून ५९ महिने पुन्हा वापरता येतात. १२ वर्षांखालील मुलांचे घेत नाहीत. लग्नघरातून थेट ठसे द्यायला जात असाल तर बोटांच्या टोकांवर मेंदी नको.

सिंगल एंट्रीचा सापळा

पॅरिस पाहून युरोस्टारने लंडन, तिथून विमानाने झ्युरिक. नकाशावर सरळ दिसते, पण लंडनला जाताना तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर झ्युरिकची दारे बंद. ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतोच, शिवाय शेंगेनचा किमान दोन प्रवेशांचा हवा. सोपा उपाय: लंडन सहलीच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवा.

क्रोएशियात हे आणखी नकळत घडते. दुब्रोव्निकहून एका दिवसाची सहल म्हणून मोस्तार किंवा कोटोर विकले जाते. पहिले बोस्नियात, दुसरे मॉन्टेनेग्रोत. सिंगल एंट्रीवर गेलात तर संध्याकाळी हॉटेलवर परतता येणार नाही, सामान तिथेच असले तरी. स्प्लिटहून दुब्रोव्निकला जाणारा जुना किनारी रस्ताही न्यूम गावापाशी बोस्नियात शिरतो. २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल खुला झाल्यापासून क्रोएशियातूनच जाता येते, पण बस कोणत्या वाटेने जाते ते तिकीट काढतानाच विचारा.

लंडनमार्गे विमान बदलतानाही सावध. शेंगेनचा पर्यटक व्हिसा आहे म्हणून ब्रिटनच्या ट्रान्झिट व्हिसातून भारतीयांना सूट मिळत नाही.

आधी शेंगेनला जाऊन आला असाल तर जुन्या व्हिशांच्या प्रती जरूर लावा. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी सोय आहे: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री, म्हणजे कितीही वेळा प्रवेश देणारा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पासपोर्टची मुदत मात्र तेवढी शिल्लक हवी.

व्हिसाचे स्टिकर वाचायला शिका

पासपोर्ट हातात आला की केंद्राच्या दारातच तो उघडून बघा. नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवेशांची संख्या. मग दोन तारखा आणि दिवसांचा आकडा. समजा सहल १० ते १९ मे २०२६. स्टिकरवर 'पासून १०-०५-२६, पर्यंत ०३-०६-२६' आणि खाली 'दिवस १०' असे असू शकते. ३ जूनपर्यंत राहायला मिळाले, असा याचा अर्थ नाही. सहलीच्या वरचे १५ दिवस सहल पुढेमागे सरकली तर असावेत म्हणून दिलेले असतात. राहता येते १० दिवसच, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यात धरतात.

लेकीकडे किंवा मुलाकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठी दुसरा हिशेब: कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. १ मार्चला गेले आणि २९ मेपर्यंत राहिले की ९० संपले. आता २७ ऑगस्टपर्यंत परत जाता येणार नाही, व्हिसा पाच वर्षांचा असला तरी. एकदा मायदेशी येऊन गेले की मोजणी पुन्हा शून्यावरून सुरू होते, हा गैरसमज आहे.

पूर्वी शिक्का पुसट असला की कुणी मोजत बसत नसे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने शिक्क्यांऐवजी प्रवेश-निर्गमाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली, आणि दिवस आता यंत्र मोजते. पहिल्या नोंदणीला सीमेवर चेहऱ्याचा फोटो घेतात, रांग लांबते. म्हणून पहिल्या शेंगेन विमानतळावर पुढचे विमान तासाभरात असेल असे तिकीट घेऊ नका. एटियास नावाची परवानगी व्हिसामुक्त देशांच्या नागरिकांसाठी आहे. व्हिसा असलेल्या भारतीयाकडून तिचे पैसे मागणारी वेबसाइट बंद करा.

परतीचे तिकीट, हॉटेलची कागदपत्रे आणि विमा छापून हातातल्या बॅगेत ठेवा. व्हिसा असूनही सीमेवर ते मागू शकतात, आणि तेव्हा मोठी बॅग अजून पट्ट्यावर आलेलीही नसते.

नकार आलाच तर

नकाराच्या छापील फॉर्मवर कारणापुढे खूण असते. ती वाचल्याशिवाय दुसऱ्या दिवशी तीच फाइल पुन्हा देणे म्हणजे ९० युरो पाण्यात. 'मुक्कामाचा हेतू पटला नाही' असेल तर बेत, हॉटेल आणि रजा तपासा. 'परत जाण्याबद्दल शंका' असेल तर नोकरी, मालमत्ता, इथले कुटुंब यांचे कागद कमकुवत होते. खोटी बुकिंगे निघाली असतील तर ते डाग लवकर जात नाहीत. दुसऱ्या शेंगेन देशाकडे अर्ज करून सुटका नाही, कारण नोंद सामायिक यंत्रणेत असते. ब्रिटन आणि अमेरिकेच्या अर्जातही पूर्वीचा नकार विचारतात. तो लपवला तर मूळ नकारापेक्षा महाग पडते.

अपील करता येते, मुदत आणि पद्धत त्या फॉर्मवरच असते. जर्मनीने मात्र दूतावासाकडे लेखी फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. तिथे आता नवा अर्ज किंवा न्यायालय. पर्यटकाला बहुतेक वेळा नवा अर्जच परवडतो. त्याच्या कव्हर लेटरच्या पहिल्याच परिच्छेदात जुन्या नकाराची तारीख आणि कारण लिहा, आणि त्या कारणावर या वेळी कोणता कागद कितव्या पानावर लावला आहे तेही.