लांब पळणाऱ्यांनी घरचा योगा कसा निवडायचा

आधी एक बघा, तुमचं नक्की काय आखडतं? पळताना पाय पुढे-मागेच जातो, त्यामुळे पोटऱ्या, मांडीची मागची बाजू आणि कंबरेच्या पुढचे स्नायू आखडतात, तर कुल्ले मात्र अनेकांचे कमजोर राहतात. म्हणून नुसतं स्ट्रेचिंग असलेला योगा घेऊ नका, ताकदीचंही हवं.

माझं म्हणणं, लाँग रनच्या दिवशी पॉवर योगा (जोरकस, वेगात करायचा योगा) अजिबात नको, पाय आधीच थकलेले असतात, त्या दिवशी भिंतीला पाय लावून विपरीत करणी, सुप्त पादांगुष्ठासन (पाठीवर झोपून एक पाय सरळ वर धरायचा) असं निवांत काहीतरी १५ मिनिटं पुरे. सोप्या रनच्या किंवा सुट्टीच्या दिवशी वीरभद्रासन (एक पाय पुढे वाकवून उभं राहायचं), सेतुबंधासन (पाठीवर झोपून कंबर वर उचलायची), वृक्षासन (एका पायावर उभं राहायचं) घ्या. वृक्षासनात उभ्या पायाचा घोटा कसा सारखा थरथरतो ते बघा, तो बॅलन्स पळताना प्रत्येक पावलाला लागतो कारण एका वेळी एकच पाय जमिनीवर असतो. आणि उचललेल्या पायाचा तळवा उभ्या पायाच्या गुडघ्यावर टेकवू नका, खाली पोटरीला लावा.

पळायच्या आधी मात्र आसनं धरून बसू नका, हलते सूर्यनमस्कार ३-४ बास. धरून ठेवायचं ते पळून झाल्यावर, ३० ते ६० सेकंद, श्वास सोडत सोडत. एकपाद राजकपोतासनात (पिजन पोझ, एक पाय पुढे दुमडून, दुसरा मागे लांब) गुडघ्यात टोचलं की लगेच बाहेर या, तेच पाठीवर झोपून एक घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवून करा, ताण कुल्ल्यातच येतो आणि गुडघा वाचतो.

रेस आठवड्यावर आली असेल तर नवीन आसन सुरू करू नका हं.