डॉक्टर-आर्किटेक्टांची कंपनी ‘स्ट्राइक ऑफ’ होते ती या चुकांमुळे

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत दोन-तीन डॉक्टर किंवा आर्किटेक्ट मिळून एलएलपी (मर्यादित देयतेची भागीदारी संस्था) काढतात, हौसेने पाटी लावतात आणि पुढे आरओसीचं, म्हणजे कंपनी निबंधकाचं, नावही घेत नाहीत. सरकारने संस्था ‘स्ट्राइक ऑफ’ केली, म्हणजे नोंदवहीतून तिचं नाव काढलं, की घोटाळाच असेल असं लोकांना वाटतं. पुष्कळदा नुसते न भरलेले फॉर्म असतात.

सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे ‘इन्कम टॅक्स भरला, झालं!’ नाही झालं. एलएलपीचा फॉर्म ११ (वार्षिक विवरण) दरवर्षी ३० मेपर्यंत आणि फॉर्म ८ (हिशेबाचं विवरण) ३० ऑक्टोबरपर्यंत जायलाच हवा, वर्षभरात एक रुपया आला नसला तरी. सलग पाच वर्षं चुकवलं तर एनसीएलटी (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) एलएलपी गुंडाळू शकते. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये तर तीनच वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरण दिलं नाही, की संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. इतर कंपन्यांतली पदंही जातात. (डॉक्टरकीची नोंदणी वेगळी, ती यामुळे जात नाही.) २०१७ मध्ये देशभरात दोन लाखांवर कंपन्यांची नावं कटली, तेव्हा बँक खातीही अडकली होती.

दुसरी चूक पत्त्याची. ऑफिस वर्धा रोडला गेलं, नोंदणीत मात्र धंतोलीच. कंपनी कायद्याच्या कलम २४८ ची, म्हणजे नाव काढण्याची, नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि उत्तराचे ३० दिवस तिथेच संपतात. ईमेल तरी कोणाचा दिला होता? बऱ्याचदा सीएच्या ऑफिसातल्या, केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या पोराचा.

एलएलपीतल्या दोघांपैकी एक भागीदार बाहेर पडला तर सहा महिन्यांत दुसरा घ्या. नंतरही एकट्याने जाणूनबुजून काम चालवलं, तर त्या काळातली देणी स्वतःच्या खिशातून.

काम थांबलंच असेल तर कंपनीसाठी एसटीके-२, एलएलपीसाठी फॉर्म २४ भरून रीतसर बंद करा. नाव कटल्यावर परत आणायला एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाकडे जावं लागतं. कंपनीला अर्जासाठी राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून २० वर्षं आहेत हे ऐकून काही जण निवांत बसतात. पण तोवर खातं बंद, येणी अडकलेली आणि थकलेले फॉर्म तसेच.

एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, साइटवर आपलं स्टेटस फुकटात दिसतं. तिथे स्ट्राइक ऑफची प्रक्रिया सुरू असल्याचं दिसलं, तर नोटिशीची वाट न पाहता बँक स्टेटमेंट, बिलं, जीएसटी असेल तर त्याची रिटर्नं जोडून काम चालू असल्याचं उत्तर द्या आणि राहिलेले फॉर्म लगोलग भरा.