रीमेक करायला घेताय? आधी उडी मोजा

जुन्या कार्टून गेम्सचे रीमेक करायचेत असं म्हणणारी मुलं-मुली भेटली की ती आधी चित्रं दाखवतात. चित्रं छानच असतात. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीतलं 'डकटेल्स' बघत मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला त्यातला तो श्रीमंत बदक-काका स्क्रूज आजच्या स्वच्छ पडद्यावर दिसला की भरून येतं. पण मी एकच विचारते, उडी हाताला कशी लागते? यावर बहुतेक जण गप्प होतात, आणि हे काम तिथेच अडतं.

मी ॲनिमेशन शिकून या कामात आले, प्रोग्रॅमिंगमधून नाही. तुमच्यातले बरेच जण असेच येणार, म्हणून ज्यात माझे कित्येक महिने गेले तेवढंच सविस्तर सांगते. बाकीचं तुम्हाला येतं असं धरून चालते.

वर्गात आपल्याला पहिल्यापासून शिकवतात की कृतीआधी तयारी दाखवा. पात्र उडी मारण्याआधी गुडघ्यात वाकतं, हात मागे नेतं, मग सुटतं. कार्टूनमध्ये हे अगदी बरोबर आहे. आता हिशेब करा. कार्टून सेकंदाला २४ फ्रेम्सने, म्हणजे २४ स्थिर चित्रचौकटींनी चालतं आणि त्यातलं बरंच काम 'टूज'वर असतं, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम्स टिकतं. सेकंदाला १२ चित्रं झाली, एकेक चित्र साधारण ८३ मिलिसेकंदांचं. तयारीची फक्त तीन चित्रं घेतलीत तरी पाव सेकंद गेला. बघणाऱ्याला तो पाव सेकंद सुखाचा वाटतो. गेम ६० फ्रेम्सने चालतो, तिथे हाच पाव सेकंद म्हणजे १५ फ्रेम्स. पात्र दर फ्रेमला दीड पिक्सेल धावत असेल, तर बटण दाबल्यापासून पाय सुटेपर्यंत ते साडेबावीस पिक्सेल पुढे गेलेलं असतं. जुन्या निन्टेन्डोच्या गेम्समध्ये जमिनीचा ठोकळा बहुधा १६ पिक्सेलचा. म्हणजे कड्यावर अगदी वेळेत बटण दाबणारा खेळाडूसुद्धा खड्ड्यात जातो.

खेळाडू तुम्हाला 'तयारीच्या फ्रेम्स जास्त झाल्यात' असं सांगत नाही. तो म्हणतो, 'काहीतरी जड वाटतंय.' मग आपण काय करतो? अजून चित्रं घालतो, हालचाल आणखी मऊ करतो, आणि गेम आणखी जड होतो. ही गोष्ट मला कुणी सुरुवातीलाच सांगायला हवी होती, म्हणून इतकं लांबवून लिहितेय. बटण दाबलं त्याच फ्रेमला पात्र हवेत गेलं पाहिजे. ताण, म्हणजे अंग लांबवणं, वर जाताना द्या, वाकणं जमिनीवर टेकल्यावर द्या, आणि टेकल्यानंतरचं ते वाकणंसुद्धा पुढचं बटण दाबताच तिथल्या तिथे तुटलं पाहिजे. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या जुन्या गेम-यंत्रावरचा १९९३ चा 'अल्लादीन' या नजरेने पुन्हा खेळून बघा. त्याच्या हालचाली डिस्नेच्या ॲनिमेटर्सनी कागदावर काढल्या होत्या आणि मग त्या गेममध्ये उतरवल्या. चित्रांची श्रीमंती आणि खेळाडूचं बटण यांचं भांडण तिथे कसं मिटवलंय, ते फ्रेम फ्रेम करून बघावं.

याच सापळ्याची दुसरी बाजू इंजिनमध्ये, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरवर बांधतात त्यात आहे. जुन्या गेममध्ये वस्तुमान, घर्षण असलं काही नव्हतं. दर फ्रेमला वेगात ठरावीक आकडा मिळवायचा किंवा वजा करायचा, एवढंच. युनिटी या आजच्या इंजिनमध्ये रिजिडबॉडी (वस्तूला वजन आणि गुरुत्व देणारा तयार भाग) लावून गुरुत्व कमीजास्त केलंत की 'जवळपास तशीच' उडी मिळते. या 'जवळपास'ने घात होतो, कारण मूळ गेममधली प्रत्येक फट, प्रत्येक कठड्याची उंची आणि प्रत्येक शत्रूची जागा त्या एका उडीच्या मापाने बसवलेली असते. उडी पाच टक्के बदलली तर नकाशा तोच राहूनही ती पातळी वेगळी होते.

म्हणून मोजा. 'डिस्ने आफ्टरनून कलेक्शन' हा २०१७ चा संच पीसीवर आला, त्यात मूळ 'डकटेल्स' गेम आहे. खेळताना ६० फ्रेम्सने रेकॉर्ड करा, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा आणि 'ई'ची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. उडीचं शिखर किती फ्रेम्सनी येतं, किती पिक्सेल उंच, बटण लवकर सोडलं तर काय होतं, सगळं वहीत उतरवा. समजा उडी ६४ पिक्सेल उंच आहे आणि शिखर ३२ फ्रेम्सनी येतं. दुप्पट उंचीला फ्रेम्सने भागलं की सुरुवातीचा वेग मिळतो, ४ पिक्सेल प्रतिफ्रेम. त्याला पुन्हा ३२ ने भागलं की गुरुत्व, ०.१२५. प्रत्यक्षात एक-दोन पिक्सेलचा फरक पडेल, तो हाताने जुळवा. गणिताला घाबरू नका. दहावीपर्यंतचं पुरतं, खरंच.

मग आजच्या खेळाडूसाठी काहीच बदलायचं नाही का? बदलायचं, पण उडीचा आकार सोडून. वेफॉरवर्ड कंपनीने २०१३ मध्ये केलेला रीमेक, 'डकटेल्स रीमास्टर्ड', याचं चांगलं उदाहरण आहे. १९८९ च्या कॅपकॉमच्या मूळ गेममध्ये स्क्रूजला काठीवर उसळायला हवेत असताना खाली आणि बी अशी दोन बटणं लागायची. रीमास्टर्डमध्ये एकच बटण पुरतं, आणि ज्याला जुनी सवय सोडायची नाही त्याच्यासाठी जुनी पद्धत सेटिंग्जमध्ये ठेवली आहे. माझ्या मते रीमेकमधला हा आदर्श निर्णय आहे. कड्यावरून पाय सुटल्यावरही चार-पाच फ्रेम्स उडी घेऊ देणं, ज्याला कॉयोटी टाइम म्हणतात, तेही खुशाल घाला. त्याच रीमास्टर्डमधली संवादांची दृश्यं मात्र मला खटकतात. ९३ वर्षांच्या ॲलन यंगनी पुन्हा स्क्रूजला आवाज दिला ही मोलाचीच गोष्ट, पण खेळाची लय सारखी तुटते.

रुंद पडद्याचंही लक्षात ठेवा. मूळ चित्र २५६ पिक्सेल रुंद आणि २४० उंच. उंची तीच ठेवून १६:९ केलंत तर रुंदी सुमारे ४२७ होते, आणि पूर्वी पडद्याच्या कडेबाहेर जन्मणारे शत्रू आता डोळ्यांदेखत उगवतात. जन्माची जागा पडद्याच्या नव्या कडेबाहेर सरकवा. हे काम एका दुपारचं आहे.

पात्राची हालचाल चालवणारा तयार कोड (कॅरेक्टर कंट्रोलर) विकत घेऊन त्यावर आपली चित्रं चढवू नका. मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत ते उघडं पडतं. आणि मार्गदर्शक शोधताना मोठ्या हुद्द्याकडे बघू नका. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते टेस्टिंगमधल्या माणसांनी. 'इथे उडी उशिरा लागते' हे ते डोळे मिटून सांगायचे. असं एक माणूस मिळालं तर त्याला धरून ठेवा.

कायद्याचं थोडक्यात, पण कडकपणे सांगते. दुसऱ्याच्या मालकीची पात्रं घेतलेला रीमेक फुकटसुद्धा प्रसिद्ध करू नका. 'डकटेल्स रीमास्टर्ड' हा परवान्याने केलेला गेमसुद्धा ऑगस्ट २०१९ मध्ये विक्रीतून काढला गेला होता आणि मार्च २०२० मध्ये परतला. परवानेवाल्यांची ही गत असेल तर तुमचं काय होईल? शिकण्यासाठी मोजमाप जुन्या गेमचं घ्या, पात्र स्वतःचं काढा.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर घेऊ नका. ॲनिमेशनमधून आलेल्या माणसाकडे वेळेचा कान असतो, तो कोडवाल्यांना कष्टाने कमवावा लागतो. पोर्टफोलिओत दहा पातळ्या नकोत. एक खोली, राखाडी ठोकळे, एक चौकोन आणि त्याची नीट बसलेली उडी एवढं ठेवा. शेजारी दोन व्हिडिओ लावा, एक मूळ गेमचा आणि एक तुमचा, दोन्हींवर फ्रेमचे आकडे दिसू द्या. चित्रांची फाइल वेगळी पाठवा, आणि ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.