आतड्याच्या कर्करोगात केमोसोबत सिटक्सिमॅब : ट्रायलमध्ये जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

ट्रायलच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक (गाठीचा तुकडा मेणात बसवून जपलेला ठोकळा) हातात घ्या. तो बहुतेकदा जिथे पहिली तपासणी झाली त्या लॅबमध्ये पडून असतो आणि तो मिळवण्यातच आठवडा जातो. तुकडा फार लहान असेल, त्यात गाठीच्या पेशी कमी असतील किंवा तो फॉर्मलिनमध्ये नको तितका राहिला असेल तर जनुकीय चाचणी फसते आणि पुन्हा बायोप्सी करावी लागते.

ही चाचणी टाळता येत नाही. सिटक्सिमॅब हे औषध पेशीच्या पृष्ठभागावरच्या ईजीएफआरला, म्हणजे वाढीचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, कुलूप लावतं. पण त्याच्या पुढचं रॅस जनुक बिघडलेलं असेल तर वाढीचा संदेश आतून चालूच राहतो, बाहेरच्या कुलपाला काही अर्थ उरत नाही. साधारण निम्म्या रुग्णांत हा बिघाड सापडतो. याच जातीचं पॅनिट्युम्युमॅब हे औषध प्राइम नावाच्या ट्रायलमध्ये ऑक्सॅलिप्लॅटिनच्या केमोला जोडलं, तेव्हा केरॅस (रॅसचाच एक प्रकार) बिघडलेल्या रुग्णांचा आजार उलट लवकर वाढला. म्हणून रिपोर्टमध्ये केरॅस आणि त्याच्याच कुळातलं एनरॅस, दोन्हींचे २, ३ व ४ हे एक्सॉन (जनुकाचे भाग) आणि बीरॅफ या जनुकातला व्ही६००ई हा बिघाड तपासल्याचं लिहिलेलं हवं. जुन्या रिपोर्टात फक्त केरॅसचे १२ आणि १३ कोडॉन (एक्सॉनमधल्या छोट्या जागा) असतात, ते पुरेसे नाहीत. गाठ उजव्या बाजूच्या आतड्यात असेल तर फायदा फारसा दिसत नाही, तेव्हा बाजू कोणती हे आवर्जून विचारा.

भारतात ट्रायलची सीटीआरआयमध्ये, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंद सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक आणि संमतिपत्राची प्रत मागून घ्या. ट्रायलमध्ये कोणत्या उपचाराच्या गटात जाल ते कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टर नाही. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

मटण खाल्ल्यावर काही तासांनी अंगावर पित्त उठत असेल तर हे आधीच सांगा. अशा माणसाला सिटक्सिमॅबची जीवघेणी रिअॅक्शन येऊ शकते. तीव्र रिअॅक्शन बहुतेक पहिल्याच डोसला येते.

डोस शरीराच्या पृष्ठफळावर ठरतो. उंची १६५ सेंमी आणि वजन ६० किलो असेल तर १६५ गुणिले ६०, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ : १.६६ चौरस मीटर. दर चौरस मीटरला ५०० मिग्रॅ या दराने दोन आठवड्यांचं सिटक्सिमॅब ८३० मिग्रॅ होतं. फोल्फिरी या केमोच्या मिश्रणातलं इरिनोटिकॅन १८० च्या दराने सुमारे ३०० मिग्रॅ आणि ४६ तासांच्या पंपातलं फ्लुरोयुरासिल २४०० च्या दराने सुमारे ४००० मिग्रॅ. वजन दर खेपेला त्याच काट्यावर करा, १० टक्के घटलं तर हिशोब नव्याने होतो. आधी सिटक्सिमॅब, ते संपल्यावर किमान तासाभराने केमो.

घरी नेलेल्या पंपातला औषधाने भरलेला फुगा हळूहळू आटला पाहिजे. दुसऱ्या सकाळी तो तसाच टम्म असेल तर नळीची क्लिप उघडी आहे का बघा आणि लगेच फोन करा. ठरल्या वेळेच्या खूप आधी रिकामा झाला तरीही. प्रवाहाचा वेग उष्णतेने वाढतो, म्हणून पंप उन्हात किंवा गरम पाण्याच्या पिशवीजवळ नको.

सलाईन चालू असतानाच घाम, पोटात मुरडा आणि जुलाब आले तर सिस्टरना तिथेच सांगा, त्यावर अॅट्रोपिन असतं. नंतर घरी होणाऱ्या जुलाबांचं गणित वेगळं. पहिल्या पातळ शौचालाच लोपेरामाइड ४ मिग्रॅ, मग दर दोन तासांनी २ मिग्रॅ, १२ तास जुलाब थांबेपर्यंत. ट्रायलच्या टीमने दिलेला डोस वेगळा असेल तर तोच पाळा. सोबत ताप १०१ अंशांवर गेला तर सकाळची वाट पाहू नका.

पहिल्या तीन आठवड्यांत चेहरा आणि छातीवर पुरळ येतं. ते मुरुम नव्हे, मुरुमांची क्रीम त्वचा आणखी कोरडी करते. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि टीमने लिहून दिलेलं डॉक्सिसायक्लिन पहिल्या दिवसापासून घ्या. मॅग्नेशियम हळूहळू घटतं, पायात पेटके येतात, म्हणून उपचार संपल्यावरही आठ आठवडे रक्त तपासतात.

सीटी स्कॅन साधारण आठ आठवड्यांनी, शक्यतो त्याच मशीनवर. मोजलेल्या गाठींची बेरीज ८० मिमीवरून ५६ किंवा कमी झाली तर अंशतः प्रतिसाद धरतात. तीच बेरीज ५० पर्यंत उतरून पुन्हा ६० झाली तर आजार वाढला असं मानतात, जरी सुरुवातीच्या ८० पेक्षा ती कमीच असली.