सामायिक हिशेबाचा बॅकअप रात्री आपोआप घ्यायचा असेल तर

दादरच्या आमच्या कार्यालयात पाच टर्मिनलांवर एकाच डेटा फोल्डरमधून हिशेब चालतात. गेल्या वर्षी जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची २० तारीख दोन दिवसांवर आली असताना सर्व्हरची डिस्क गेली आणि जो बॅकअप रोज रात्री ११ वाजता होतो असे आम्ही धरून चाललो होतो, तो नऊ दिवसांपूर्वीचा निघाला. दोन रात्री जागून बिलांच्या फायलींवरून व्हाउचर पुन्हा भरावे लागले. ती वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून ही तयारी लिहून ठेवत आहे.

डेटा फोल्डर नेमका कोठे आहे हे सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये पाहावे, डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर विसंबू नये. डिस्कवर जागा हवी, हे उघडच आहे.

बॅकअपच्या वेळी प्रत्येक टर्मिनलवर कंपनी, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलेला संस्थेचा डेटा, बंद असली पाहिजे. आमच्याकडे नेमके हेच राहिले होते. विरार फास्ट गाठण्याच्या घाईत कोणीतरी फक्त मॉनिटर बंद करून निघत असे आणि कंपनी रात्रभर उघडी राही. उघडी फाइल कुलूपबंद, म्हणजे सॉफ्टवेअरने इतरांना वाचायला अडवलेली, असेल तर रोबोकॉपी (फायलींची प्रत काढणारी विंडोजची आज्ञा) ती सोडून पुढे जात नाही. वेगळे सांगितले नाही तर दर ३० सेकंदांनी, तब्बल १० लाख वेळा, तीच फाइल पुन्हा उचलू पाहते. ही आज्ञा ठरल्या वेळी आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये मूळ सेटिंग असे असते, की आधीचे काम चालू असताना तेच काम नव्याने सुरू होत नाही, म्हणजे एका रात्रीच्या उघड्या कंपनीने पुढच्या रात्रींचे बॅकअपही बुडतात, आणि पडद्यावर मात्र काम ‘चालू’ दिसते. फाइल कुलूपबंद नसेल तर अर्धवट बदललेली प्रत मिळण्याचा धोका असतो, तो अधिक वाईट. म्हणून पुन्हा प्रयत्नांची संख्या दोन-तीनवर आणावी, काय झाले याची नोंद करणारी लॉग फाइल ठेवावी, आणि शेवटी निघणाऱ्याने पाचही टर्मिनलांवर कंपनी बंद असल्याचे स्वतः पाहून वहीत सही करावी. तोंडी सांगून भागत नाही, हे आम्ही अनुभवले आहे.

शेड्युलरमधले काम विंडोजच्या ज्या लॉगिन खात्यावर लावाल त्याचा पासवर्ड बदलला की काम बंद पडते. त्यासाठी वेगळे खाते ठेवावे. कोणी लॉगिन नसतानाही काम चालावे असा पर्याय निवडावा, पण तेव्हा मॅप केलेल्या ड्राइव्हचे (नेटवर्कवरच्या फोल्डरला दिलेले) अक्षर सापडत नाही, म्हणून सर्व्हरच्या नावासह पूर्ण नेटवर्क पाथ लिहावा. वारांप्रमाणे सात फोल्डर करावेत, कारण एकाच फोल्डरवर रोज प्रत काढल्यास खराब झालेला डेटा चांगल्यावर चढतो. रोबोकॉपीचा मिरर पर्याय तर जपूनच वापरावा, मूळ जागी पुसलेले तो प्रतीतूनही पुसतो.

एक प्रत इमारतीबाहेर हवी. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला त्यांना कारण सांगायला नको. कंपनी कायद्याखालील संस्थांनी भारतातील सर्व्हरवर रोजचा बॅकअप ठेवणे बंधनकारक आहे, हेही तपासावे.

महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून कालचे शेवटचे व्हाउचर दिसते का ते पाहावे. ३१ मार्चची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. आणि तीही काढण्यापूर्वी पाचही टर्मिनलांवर कंपनी बंद करावी.