काउंट उतरायच्या आधी घरात काय तयार हवं

ब्लड कॅन्सरच्या मुलाला केमो देऊन घरी सोडलं की बहुतेकदा सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, तळाला जातात. तयारी त्याआधी, मूल हसतंखेळतं असतानाच करून ठेवायची.

पहिलं काम रिपोर्ट वाचायला शिकणं. नुसत्या एकूण पांढऱ्या पेशी बघू नका. जंतूंशी आधी भिडतात त्या न्यूट्रोफिल, त्यांचा आकडा म्हणजे एएनसी. पेशी ३,००० आणि न्यूट्रोफिल १० टक्के, तर एएनसी ३००. तीन हजार वाचून जीव भांड्यात पडतो, पण ५०० च्या खाली धोका मोठा.

डिजिटल थर्मामीटर आणि जादा सेल हाताशी हवेत. ताप काखेतच मोजा, गुदद्वारातून कधीही नाही. तिथे जरासं खरचटलं तरी जंतू थेट रक्तात जातात. एकदा १०१ किंवा तासभर १००.४ फॅरनहाइट दिसला की निघायचं, मध्यरात्र असली तरी. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर तोच धरा. मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप लपतो. आयब्रुफेन तर नकोच, प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव होऊ शकतो.

दाराशी पिशवी भरलेली असू द्या: फाइल, शेवटचा सीबीसी (रक्तपेशींचा रिपोर्ट), केमोची तारीख, रेशनकार्ड, आधार, चार्जर, रोख पैसे, दोन कपडे. गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा, १०८ आहेच. पोहोचल्यावर ओपीडीच्या रांगेत बसू नका. कॅज्युअल्टीत आधी सांगा, ‘केमो चालू आहे, ताप आलाय.’ शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. पेठ, सुरगाण्यासारख्या नाशिकच्या लांबच्या तालुक्यांतल्या आईवडिलांनी, पहिला डोस जवळच्या कोणत्या दवाखान्यात मिळेल हे आत्ताच विचारून कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ठेवावी. घाटातले तास फुकट घालवण्याजोगे नसतात.

ताप नसला म्हणून निश्चिंत राहू नका. डेक्सा किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइड चालू असताना ताप दबतो. न्यूट्रोफिल नसल्या की पूही धरत नाही, म्हणून सुईच्या जागेची नखाएवढी लाली, शौचाला होताना दुखणं, पोटदुखी, जोराचा श्वास, पिक लाइन (औषधासाठी हाताच्या शिरेत ठेवलेली लांब नळी) धुतल्यावर भरलेली हुडहुडी, सुस्तावलेलं मूल, यातलं काहीही दिसलं तर लगेच फोन करा.

खाणं ताजं, गरम, पाणी उकळलेलं. उसाचा रस आणि कच्ची मोडाची मटकी बंद. द्राक्षांच्या हंगामात पाहुणे घड घेऊन येतात, पण घड आतून नीट धुतला जात नाही, तो बाकीच्यांनी खावा. सटाण्याचं डाळिंब चालतं: आधी साल धुवा, घरीच सोला, लगेच द्या. रामकुंडाचं तीर्थ कुणी प्रेमाने आणलं तरी तोंडात घालू नका.

पल्स पोलिओच्या दिवशी भावंडांनाही तोंडातले थेंब देण्याआधी डॉक्टरांना विचारा; त्यातला जिवंत विषाणू शौचातून बाहेर पडतो, त्यांना इंजेक्शनची लस मिळू शकते. शाळेत कांजिण्या निघाल्याचं कळलं तर त्याच दिवशी कळवा, कारण संरक्षणाचं औषध पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतं.