दिवाळीत कुत्रं सांभाळताना या चुका टाळा

बहुतेक लोक लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची तयारी करतात आणि नरक चतुर्दशीची पहाट विसरतात, आम्ही पण तेच केलं होतं. पहाटे पाचलाच गल्लीत पहिली माळ लागली, घरात उटणं-तेलाची गडबड, दार नुसतं लोटलेलं, आणि आमची चिकू जिन्यावरून खाली पळाली. दुपारी तीनला दोन गल्ल्या सोडून एका टेम्पोखाली सापडली, पंजे सोललेले, हाक मारली तरी बाहेर येईना. गळ्यात पट्टा होता पण त्यावर नंबर नव्हता, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून वसुबारसेच्या आधीच पट्ट्यावर जाड मार्करने फोन नंबर लिहून टाका. आणि दार उघडायच्या आधी कुत्रं कुठल्या खोलीत आहे हे बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, फराळाचं ताट घेऊन येणाऱ्या शेजाऱ्यांनाही आधी फोन करायला सांगा.

फिरवायची वेळ पण बदला. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० अशी वेळ ठरवून दिली होती, पण त्या भरवशावर सातला बाहेर पडू नका, पोरं उजेड असतानाच सुरू करतात. पाचच्या आत चक्कर उरका. नुसत्या पट्ट्यावर नेऊ नका, घाबरलेलं कुत्रं मागे ओढ घेतं आणि डोकं पट्ट्यातून निसटतं, त्यामुळे छातीवर बसणारा हार्नेस घाला. सकाळी रस्त्यावर पडलेले सुतळी बॉम्बचे तुकडे तोंडात घेऊ देऊ नका, त्यात विषारी रसायनं असतात.

आता सगळ्यात जास्त ऐकायला मिळणारा सल्ला, "घाबरल्यावर जवळ घेऊ नका, लाडावतं." हे चूक आहे. भीती म्हणजे नखरे नाहीत, कुरवाळल्याने ती वाढत नाही. ते कुशीत आलं तर घ्या, पण लपलं असेल तर ओढून बाहेर काढू नका. चिकू दिवाणाखाली सगळ्यात मागच्या कोपऱ्यात जाते, आधी आम्ही तिला समजावून बाहेर काढायचो, आता तिथेच जुनी गोधडी आणि पाणी ठेवतो, खिडक्या-पडदे बंद, पंखा फुल आणि टीव्ही रोजच्या आवाजात. तिला पनीरचा तुकडा दिला की कळतं, खाल्ला तर ठीक चाललंय, नुसता तोंडात धरून बसली, पंखा चालू असताना धापा टाकतेय, सारखे ओठ चाटतेय, तर ती खूप घाबरलेली असते, तेव्हा मी दिवाणाशेजारी जमिनीवर बसून राहतो. साखळीने मात्र कधीच बांधू नका, उडी मारली की गळ्याला फास बसतो.

गोळ्यांच्या बाबतीत तर लोक फारच घाई करतात. माणसांच्या झोपेच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. एसिप्रोमाझिन नावाचं औषध दिलं की कुत्रं गप पडून राहतं, पण आतली भीती तशीच असते, फक्त हलता येत नाही, म्हणून नुसत्या त्याच एका औषधावर राहू नका. निदान पंधरा दिवस आधी व्हेटकडे जा, भीती कमी करणाऱ्या औषधाबद्दल विचारा, आणि पहिला डोस एखाद्या साध्या दिवशी देऊन बघा, म्हणजे ऐन रात्री काय होतंय असं व्हायला नको.

फटाक्यांचे आवाज ऐकवून सवय लावणार असाल तर ते दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सुरू करू नका, त्याने उलट भीती बसते. गणपती विसर्जन झालं की सुरुवात करा, मोबाईलवर आवाज इतका बारीक की तो चालू असतानाही कुत्रं निवांत खात राहील, मग खाऊ देत देत हळूहळू वाढवा. कान मागे गेले की थांबायचं.

फराळाचं पण लक्ष ठेवा, चिवड्यातल्या मनुका-बेदाण्यांनी कुत्र्यांची किडनी खराब होऊ शकते आणि चॉकलेट तर नकोच. आणि भाऊबीज झाली की सैल पडू नका, तुळशीच्या लग्नाला परत फटाके वाजतात, तोपर्यंत नंबरचा पट्टा गळ्यातच राहू द्या. सोसायटीच्या गेटवरची भटकी कुत्री त्या रात्रींना पार्किंगमध्ये येऊन गाडीखाली बसली तर वॉचमनला सांगा, हाकलू नका त्यांना.